दार उघाडं ठेवजो

॥ श्री ॥
सोनगीर
१३ जुलै २०२५

सौ. कामिनीस,
दीपकचा स. न. वि. वि.

नवऱ्याने बायकोला पत्र लिहिताना वर काय घालतात ते आबांना विचारलं. त्यांना ऐकू आलं नाही, त्यांनी चष्म्याची डबी आणून दिली. शाळेत असताना सहलीला परवानगी मागणारं पत्र वडिलांना लिहिलं होतं, त्यानंतर आज हे. परवानगीच मागतोय म्हण ना. तेव्हा शुद्धलेखनाला हसू नकोस.

पोर अजून एक शब्द बोलत नाही म्हणून शुक्रवारी कानूला धुळ्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. पाठीमागून घंटी वाजवली, चिमटा पाडला, कागद चुरगाळला. प्रत्येक वेळी आपली बाई वळून बघत होती. कान ठणठणीत आहेत. मग डॉक्टरांनी विचारलं की घरात दिवसभर हिच्याशी बोलतं कोण. मी सांगायला लागलो आणि सांगता सांगता माझं मलाच कसंतरी झालं. आबांना ऐकू येत नाही म्हणून ते बोलत नाहीत. मी दुकानातून येतो तेव्हा दुरुस्तीला आलेल्या पाण्याच्या मोटारींच्या घरघरीनं डोकं भणभणलेलं असतं, मला कुणी बोलूच नये असं वाटतं. राहता राहिला मोबाईल. अंगणवाडीत ती दोन तास जाते, तिथेही सुनंदाबाई म्हणतात की कोपऱ्यात बसते आणि बोट वर-खाली सरकवत राहते, भिंतीवर.

डॉक्टरांनी गोळी नाही दिली, बाटली नाही दिली. मोबाईल तिच्या नजरेला पडू द्यायचा नाही आणि तिच्याशी बोलायचं, एवढंच. मला आधी वाटलं, एवढ्यासाठी धुळ्यापर्यंत आलो का.

आता मुद्द्याचं. तुझा रविवारचा व्हिडिओ कॉलही बंद. तू चिडणार हे मला माहीत आहे, पण ऐक. मागच्या रविवारी तुझा फोन झाल्यावर कानूनं मोबाईल उलटा केला, मागं बघितलं, मग नखानं कव्हर काढायला लागली. तुला शोधत होती. तू आत राहतेस असं तिला वाटतं. मी फोन काढून घेतला तेव्हा जी रडायला लागली ती झोपेपर्यंत. हेही डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, काही महिने हेसुद्धा नको.

मोबाईल दुकानाच्या ड्रॉवरमध्ये कुलपात टाकला आहे. आता तू सांग, मी हिच्याशी बोलू काय? आमच्या घरात बापमाणसं पोरांशी बोलत नाहीत. आबांना ऐकू येत होतं तेव्हाही ते मला एवढंच विचारायचे की जेवला का. शिकवण्याचं खातं तुझं होतं. तू जळगावला पोलीस व्हायला गेलीस आणि खातं माझ्या टेबलावर आलं.

आबा बरे आहेत. पाऊस बेताचा आहे. कळावे, राग थोडा कमी आणि लोभ थोडा जास्त ठेवावा.

तुझा,
दीपक


जळगाव
२० जुलै २०२५

श्री. दीपक यांस,
कामिनीचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. वर काय घालायचं ते आबांना कागदावर लिहून विचारायचं होतं, एवढंही सुचलं नाही का?

चिडले नाही. रडले. शिट्टी झाली, मग डोळे पुसून कवायतीला गेले. इथं मोबाईल आठवडाभर जमा असतो, रविवारी थोडा वेळ हातात मिळतो. त्या थोड्या वेळासाठी मी सोमवारपासून धावते, रांगते, उन्हात उभी राहते. तेच तुम्ही बंद केलंत. बरोबर केलंत हेही कळतं, म्हणून जास्त रडू आलं. माझ्या शेजारच्या कॉटवर भुसावळची नूतन आहे, तिचा मुलगा आजीकडे असतो. ती म्हणाली की तुझी पोर तुला शोधते तरी, माझा आता आजीला आई म्हणतो. मला तेवढ्यानं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

कानू या श्रावणात तीन वर्षांची होईल. तिच्या वयाची पोरं तोंड मिटत नाहीत. मी इथं परक्यांच्या पोरींच्या रक्षणाचे धडे घेतेय आणि माझी पोर भिंतीवर बोट फिरवतेय. म्हणून एक ठरवलं आहे, ते ऐका. दिवाळीच्या सुट्टीत मी येईन तोवर कानू बोलायला लागली नसेल, तर मी परत येणार नाही. वर्दी राहिली तर राहिली. भरतीसाठी दोन वर्षं पहाटे किल्ल्याच्या पायथ्याशी धावले ते सोडून देईन. हे मी धमकी म्हणून लिहीत नाही.

तोवर मी दर आठवड्याला तिला पत्र लिहीन. ते तिला मांडीवर घेऊन, कागद तिला दिसेल असं धरून, मोठ्यानं वाचायचं. बोलायला काय सुचत नाही म्हणता ना, मग माझं वाचा. शुद्ध मराठीत लिहीन, उद्या शाळेत तीच लागेल. सोबत पहिलं पत्र ठेवलं आहे.

इथं आमचे केस कापले. मानेपर्यंतसुद्धा नाहीत. आरशात बघितलं की आमच्या रतिलालकाकांची आठवण येते. आबांना शि. सा. न. सांगा, म्हणजे लिहून दाखवा. लोभ आहे तो तसाच धरून ठेवावा, सध्या मला त्याचीच गरज आहे.

तुमची,
कामिनी

(सोबत)
चि. कानूस, अनेक उत्तम आशीर्वाद. रोज सकाळी दात घासावेत. दूध न सांडता प्यावे. लाल, पिवळा व हिरवा हे रंग ओळखावेत. पप्पांना आणि आबांना त्रास देऊ नये. अंगणवाडीत सर्वांशी बोलावे. तुझी मम्मी.


सोनगीर
५ ऑगस्ट २०२५

सौ. कामिनीस,
स. न. वि. वि.

तुझं कानूला लिहिलेलं पत्र वाचलं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावण्याजोगं आहे. नळपट्टीचा उल्लेख तेवढा राहिला.

तरी सांगितल्याप्रमाणे केलं. मांडीवर घेतलं, घसा खाकरला, वाचलं. घरात माझाच आवाज ऐकून मला चोरट्यासारखं झालं. तू गेल्यापासून संध्याकाळी या घरात भांड्याशिवाय कशाचा आवाज नव्हता. कानू कागदाकडे बघत राहिली. वाचून संपलं तर तिनं कागद माझ्या हातातून घेतला आणि उलटा केला. मागं कोरं. पुन्हा पुढं केला, पुन्हा मागं. मोबाईलचं केलं तेच. तिचं तोंड वाकडं व्हायला लागलं तेव्हा काहीतरी सांगून मी कागदाची घडी घातली आणि आबांच्या खाटेखाली ठेवला. रडली नाही.

परवा कानबाईचा सण झाला. तिचा वाढदिवस समजून शेजारच्या सुकदेवभाऊंकडे प्रसादाचे रोट खायला नेलं. ज्या दिवशी कानबाई बसल्या त्या दिवशी जन्मली म्हणून नाव कानू, आणि ही कानू गप्प, असं तिथं बायका म्हणाल्या. मी ऐकून घेतलं.

आता दुपारी तिला घरामागच्या दुकानात घेऊन बसतो. जळालेल्या मोटारीतून तांब्याची जुनी तार काढताना तिच्याशी बोलायला सुरुवात केली, दुसरं काय बोलणार. ही तार, ही पक्कड, ही बेरिंग. गिऱ्हाइकं हसतात. काल एक शेतकरी मोटार घेऊन आला आणि कानूनं गुंडाळीवर हात ठेवून तार म्हटलं. स्पष्ट. त्याला काय माहीत काय झालं ते. तो भाव विचारत होता आणि मी रडत होतो.

मम्मी नाही, पप्पा नाही, पहिला शब्द तार. तुझ्या माहेरी कळवू नकोस. पुढच्या पत्रात रंग कमी कर आणि तू दिवसभर काय करतेस ते लिही. लोभ पोस्टानं येतो असं आता वाटायला लागलं आहे, पाठवत राहावा.

तुझा,
दीपक


॥ श्री ॥
सोनगीर
१० सप्टेंबर २०२५

चि. सौ. कामिनीस,
हिलाल आबाचे अनेक उत्तम आशीर्वाद. पत्रास कारण की,

येथील सर्व मंडळी खुशाल आहेत. तुझी खुशाली चि. दीपक कागदावर लिहून दाखवतो, त्यावरून समजते. तो फार थोडक्यात लिहितो. तू दोन पाने पाठवतेस आणि तो मला लिहून दाखवतो की बरी आहे.

चि. कानू आता बोलते असे सर्व सांगतात. सुनंदाबाई घरी येऊन हातवारे करून सांगून गेल्या. मी तिचे ओठ हलताना पाहतो. परवा ती माझ्यासमोर उभी राहून पुष्कळ वेळ बोलली. मी मान हलवत होतो. काय बोलली ते समजले नाही, पण तिला वाटले की समजले, आणि ती खूश होऊन खेळायला गेली. यात फसवणूक झाली असेल तर देवाने ती माझ्या खात्यावर मांडावी. नातवंडाचे पहिले बोल ऐकायचे माझ्या नशिबात राहिले नाहीत, हे मनाला लागते. ते कुणाला सांगावे, म्हणून तुला लिहितो.

एक गंमत सांगतो. दर बुधवारी-गुरुवारी तुझे पत्र येते, संध्याकाळी दीपक ते वाचतो आणि मी खाटेवरून पाहतो. मला ऐकू येत नसल्याने मी नीट पाहतो. तुझा मजकूर संपतो, त्याची नजर कागदाच्या तळाशी पोचते, आणि तरीही त्याचे ओठ हलत राहतात. कानू त्याच वेळी सर्वांत जास्त लक्ष देते. तेव्हा तू थोडे जास्त लिहीत जावे, त्याला कमी पडते असे दिसते.

ऊन लागू देऊ नये. टोपी घालावी. कळावे, तुमच्या सर्वांच्या लोभाचा धनी,

आबा


जळगाव
५ ऑक्टोबर २०२५

श्री. दीपक यांस,
स. न. वि. वि.

तुमच्या मागच्या पत्रातली वाक्यं मी नूतनला दोनदा वाचून दाखवली. कानू म्हणाली की पप्पा, मोटार जयनी. कानू म्हणाली की आबा झोपना. आता नूतन मला म्हणते की तुझी पोर अहिराणीत बी.ए. होईल. शुद्ध मराठीचं माझं स्वप्न तुमच्या दुकानात जळालेलं दिसतंय. जळू दे. बोलते ना!

आबांच्या पत्राला वेगळं उत्तर दिलं आहे. ते म्हणतात की माझी पत्रं तुम्हाला कमी पडतात. इतकी आठवण येत असेल तर मलाही लिहावी माणसानं कधी.

दिवाळीची रजा मंजूर झाली, चारच दिवस, पण झाली. मी आता दिवसभर एकच विचार करते, की दारात उभी राहिले तर ती मला काय म्हणेल. परेडला पाय चुकतो, शिक्षा म्हणून मैदानाला फेरी मारावी लागते, फेरी मारताना पुन्हा तोच विचार. मला मम्मी म्हणून हाक ऐकायची आहे, दीपक. एकदाच, तोंडानं, फोनमधून नाही. मग मार्चमध्ये ट्रेनिंग संपेपर्यंत काहीही करायला सांगा.

फराळाला सुनंदाबाईंना सांगून शेव करून घ्या. लोभ जपून ठेवा, आता स्वतःच येऊन घेईन.

तुमची,
कामिनी


जळगाव
२७ ऑक्टोबर २०२५

श्री. दीपक यांस,
स. न. वि. वि.

सुखरूप पोचले. गाडीत बसायला जागा मिळाली, तुम्ही खिडकीतून टाकलेला रुमाल माझ्याकडेच आहे.

घरी असताना बोलायचं होतं, पण सणाच्या घरात तोंड उघडवलं नाही. कानू बोलते. किती बोलते! माझ्या हातानं जेवली, मांडीवर बसली, माझ्या आखूड केसांतून हात फिरवून हसली. मी तुम्हा दोघांची दृष्ट काढायला हवी होती. पण गाडी पारोळ्याच्या पुढं गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की चार दिवसांत तिनं मला एकदाही हाक मारली नाही. ओ म्हणाली, हाई देख म्हणाली, पदर ओढला. मम्मी म्हणाली नाही.

पहिल्या दिवसाचं आठवा. तुम्ही मला धुळ्याहून मोटारसायकलवर आणलंत, दुकानातून आत आलो, आणि ती पुढच्या दारात पाठमोरी उभी होती. मी मागून हाक मारली. वळली, बघितलं, आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड केलं. मला वाटलं रुसली. संध्याकाळी आबांनी दार लावलं तेव्हा ती केवढी रडली. आपण म्हणालो, फटाक्यांना घाबरली.

पाडव्याला तुम्ही झेंडूची फुलं आणायला गेला होतात. कानूनं आबांच्या खाटेखालून माझी पत्रं काढली आणि मला म्हणाली की वाच. मला इतका आनंद झाला. मी वाचायला लागले तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली की आशी नही, मम्मी आशी नही बोलस. मी म्हणाले, अगं मीच मम्मी. तिनं माझ्याकडे बघितलं, जसं आपण चुकीच्या घरी आलेल्या पाहुण्याकडे बघतो. मग कागद स्वतःच्या हातात घेतला, उलटा, आणि मम्मी कशी बोलते ते मला दाखवलं. आधी घसा खाकरला. दीपक, अगदी तुमच्यासारखा. आवाज जाड केला. आणि शेवटी म्हणाली, कानू, मी यष्टीमा बशीसन येसू, दार उघाडं ठेवजो.

हे मी कधीच लिहिलेलं नाही. एकाही पत्रात नाही. तेव्हा आबांच्या पत्राचा अर्थ कळला.

आणि हे शेवटचं, जे मी कुणाला सांगितलं नाही. फाट्यावर तुम्ही रुमाल टाकायला गाडीकडे धावलात. कानू आबांचं बोट धरून उभी होती. मला रडू आवरेना, खाली बसले, तिला जवळ घेतलं. तिनं तिच्या फ्रॉकनं माझे डोळे पुसले आणि माझी समजूत घातली. म्हणाली की रडू नको, मनी मम्मी येनार शे.

आबांना ऐकू आलं नसणार. ते मान हलवत होते.

मी दिवाळीपर्यंतची अट घातली होती, ती बोलली नाही तर नोकरी सोडीन म्हणून. ती बोलली. आता मला सोडायला कारण राहिलं नाही, आणि इथं राहवतही नाही. तिची मम्मी तुमच्या आवाजात आहे, तुमच्या खाकरण्यात आहे, त्या घरात रोज संध्याकाळी येते. मी कोण आहे ते मला सांगा.

कामिनी


सोनगीर
२ नोव्हेंबर २०२५

कामिनी,

आज वर काही घालत नाही.

पहिलं पत्र संपलं तेव्हा तिनं कागद उलटा केला होता, ते तुला लिहिलं होतं. काहीतरी सांगून घडी घातली असंही लिहिलं होतं. तेच हे वाक्य. तोंडात आलं ते बोललो. तू कागदाच्या मागं नाहीस, कुठंतरी लांब आहेस आणि गाडीनं येणार आहेस, एवढं तिला कळावं म्हणून. दुसऱ्या आठवड्यात मी ते म्हणालो नाही तर ती कागद सोडेना. मग दर वेळी म्हणत गेलो. हळूहळू मला वाटायला लागलं की ते तूच म्हणतेस. ते ऐकल्याशिवाय मलाही झोप लागेना, हसू नकोस.

तुझं पत्र वाचल्यावर कानूला मांडीवर घेऊन सांगितलं, की दिवाळीत आली होती तीच मम्मी. ती नाही म्हणाली. म्हणाली की ती बाई तर दुकानातून आली. मी हसलो, आणि मग मला हसवेना. पोर पहाटेपासून दार उघडं ठेवून यष्टीची वाट बघत उभी होती, तिला सांगितलं होतं तस्संच. आणि मी गर्दीत तुझे हाल नकोत म्हणून मोटारसायकल काढली आणि तुला मागच्या बाजूनं आत घातलं. तिनं काही चुकवलं नाही. मी चुकवलं.

ती तुला विसरली असं मनात आणू नकोस. तिला शब्दच मुळी तुझी वाट बघताना सुटले. रोज संध्याकाळी अजून दारात जाते. आबा आता दार लावत नाहीत, खुर्ची टाकून तिच्याशेजारी बसतात. डास येतात, येऊ देत.

ट्रेनिंग सोडू नकोस. मार्चमध्ये मी आणायला येणार नाही, धुळ्यालाही नाही आणि फाट्यावरही नाही. तू यष्टीनं ये. पुढच्या दारानं ये. आणि तोवर ते वाक्य तू लिहीत जा, तुझ्या अक्षरात. मी फक्त वाचीन, घसा न खाकरता. आल्यावर तू तुझ्या तोंडानं म्हण. मग ती ठरवील.

लोभ असू दे म्हणायला तोंड नाही, तरी असू दे.

दीपक


जळगाव
९ नोव्हेंबर २०२५

कानू बेटा,

हे पत्र पप्पा वाचतायत, पण बोलतेय मी. पप्पांना सांग, आवाज जाड करू नका.

इथं एक मोठं मैदान आहे. मी त्यावर सकाळी पळते. माझ्या खोलीत नूतनमावशी आहे, ती घोरते. खिडकीपाशी कडुनिंब आहे, त्यावर एक खार येते. मला तिच्याशी बोलावंसं वाटतं, कारण इथं संध्याकाळी माझ्याशी बोलायला कानू नसते. तू आज दुकानात काय केलंस? कुठली मोटार जळाली? पप्पांना सांग, ते मला लिहितील. आबांशी बोलताना त्यांच्यासमोर उभी राहून बोल आणि त्यांचा हात धर.

दिवाळीत एक बाई आली होती ना, आखूड केसांची, दुकानातून आत आलेली? तुला वाटलं, ही कोण. ती फार रडत होती. तू तिचे डोळे पुसलेस आणि तिला सांगितलंस की तुझी मम्मी येणार आहे. तिला ते खरं वाटलं. तीसुद्धा आता दारात उभी राहून वाट बघते.

मी यष्टीमा बशीसन येसू. दार उघाडं ठेवजो.

तुझी मम्मी,
दुकानातून आली होती तीच